२३.५ च्या जागी ११.५ व्होल्ट: जुन्या स्टिरिओ अँपचा रेग्युलेटर कुठे मार खातोय?

तबकडी३३

१९७० च्या दशकातला इंटिग्रेटेड अँप आहे. चॅनलमागे ३५ वॅट, आयसी एकही नाही, सगळं सुट्या ट्रान्झिस्टरवर. चालू केला की पॅनेलचा दिवा लागतो, पण स्पीकरचा रिले (थोड्या वेळाने स्पीकर जोडणारा विजेवरचा स्विच) ‘टक्’ करतच नाही. हेडफोनची जोडणी रिलेच्या आधी आहे. तिथे ऐकलं तर जाड घरघर आणि तिच्यामागे बारीक, फाटका आवाज. दोन्ही चॅनलला सारखंच. फ्यूज शाबूत.

मेन सप्लाय साधा आहे: मधला टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ६८०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन कपॅसिटर. तिथे +३८.२ आणि −३८.४ मिळतात. प्रीअँप, टोन कंट्रोल आणि रिलेच्या टायमिंगसाठी त्या +३८ वरून वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारं सर्किट) काढलाय. त्याची मांडणी अशी: +३८ वरून आर-१ (४७ ओहम), पुढे सी-१ (४७० मायक्रो, ५० व्होल्ट) आणि क्यू-१ या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. कलेक्टरवरून बेसला आर-२ (२.२ के, म्हणजे २२०० ओहम). बेसवरून ग्राउंडला २४ व्होल्टचा झेनर डी-१ (ठरावीक व्होल्टेजला पोचल्यावरच वाहू लागणारा डायोड), त्याला समांतर सी-२ (१०० मायक्रो, ३५ व्होल्ट). एमिटर म्हणजे आउटपुट, त्यावर सी-३ (२२० मायक्रो, २५ व्होल्ट). सर्किटच्या नकाशात एमिटरला २३.५ व्होल्ट छापलेत.

प्रत्यक्षात कलेक्टर ३६.४, बेस १२.२, एमिटर ११.५. एसीवर मोजलं तर मेन +३८ वर ५५ मिलिव्होल्ट, कलेक्टरला ४८, एमिटरला १६. क्यू-१ ला बोट लावून ठेवता येत नाही इतका तापतो. आर-२ काळपटलाय, पण एक पाय सोडवून मोजला तर २.३४ के, म्हणजे ठीकच. सी-२ ला वरून थोडा फुगवटा वाटतो, खात्री नाही.

क्यू-१ चा मूळ नंबर आता मिळत नाही. तो बदलून बीडी१३९ टाकावा, की आधी मोठे दोन कपॅसिटर बदलावेत? घरघर आहे म्हणजे मोठे कपॅसिटर गेले असंच सगळीकडे वाचायला मिळतं.

---

शंभरहर्ट्झ

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. आकडे तुम्ही छान दिलेत, त्यांच्यातच निम्मं उत्तर आहे.

आधी मोठे कपॅसिटर. गाणं वाजत नसताना असा अँप साधारण १५० मिलिअँपिअर खातो. ५० हर्ट्झच्या मेनवर ब्रिज कपॅसिटरला दर १० मिलिसेकंदांनी भरतो, मधले सुमारे ८ मिलिसेकंद कपॅसिटर एकटाच करंट पुरवतो. ०.१५ गुणिले ०.००८ भागिले ०.००६८ म्हणजे ०.१७६ व्होल्ट, हा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) शिखरापासून तळापर्यंतचा. करवतीच्या दात्यासारख्या वेव्हला मीटर त्याला साडेतीनने भागून दाखवतो, म्हणजे ५० मिलिव्होल्टच्या आसपास. तुमचा आकडा ५५. ६८०० चा कपॅसिटर वाळून १५०० वर आला असता तर तिथे २०० च्या वर दिसलं असतं. तेव्हा मोठे दोघे निर्दोष आहेत. वय झालं म्हणून पुढे कधी बदलायचे तर बदला, पण या घरघरीचा ठपका त्यांच्यावर नाही.

आता कलेक्टर. आर-१ आणि सी-१ मिळून एक फिल्टर आहे. ४७० मायक्रोचा १०० हर्ट्झला अडथळा जेमतेम ३.४ ओहम. ४७ ओहमच्या पुढे तो बसला की ५५ मिलिव्होल्टचे ४ उरायला हवेत. तुमच्याकडे ४८ उरलेत. म्हणजे सी-१ जागेवर नुसता उभा आहे, काम करत नाही. वाळलाय.

तिसरी गोष्ट बेस, आणि खरा दोष तिथे आहे. आर-२ वर ३६.४ वजा १२.२, म्हणजे २४.२ व्होल्ट पडतात. २.३४ के मधून त्यामुळे १०.३ मिलिअँपिअर वाहतात. हे जातात कुठे? १२ व्होल्टला धड झेनर वाहायलाच नको. बेसमध्ये जात असते आणि क्यू-१ चा गेन (बेसचा करंट कितीपट होतो तो आकडा) साधारण १०० धरला, तर एमिटरमधून एक अँपिअर निघाला असता आणि आर-१ ने धूर काढला असता. आर-१ वर तर फक्त १.८ व्होल्ट पडतात. म्हणून १०.३ पैकी जवळपास सगळा करंट बेसच्या जोडावरून थेट ग्राउंडला गळतोय. गळणाऱ्या वाटेचा रेझिस्टन्स १.२ के च्या आसपास. वाटा दोनच: सी-२ किंवा डी-१.

आर-२ काळपटण्याचं कारणही हेच. नीट चालताना त्यावर ११ व्होल्ट असतात, ०.०५ वॅट. आत्ता २४ व्होल्ट, म्हणजे पाव वॅट. पाव वॅटच्या रेझिस्टरला पाव वॅट दिला की तो असाच दिसतो.

एकच शंका: आर-१ ची किंमत सर्किट बघून लिहिलीत की मोजून? त्या काळात इथे फ्यूजिबल (जास्त करंटला फ्यूजसारखे तुटणारे) रेझिस्टर लावायचे आणि ते वयाने वर सरकतात. तो ९० ओहम झाला असेल तर माझा सगळा करंटचा हिशेब निम्म्यावर येईल. बंद करून, एक पाय सोडवून मोजा.

क्यू-१ च्या बेस आणि एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट आहे. ट्रान्झिस्टर आपलं काम करतोय; बेसला जे मिळतं त्यातून ०.७ वजा करून पुढे देतोय. बेसलाच कमी मिळत असेल तर तो तरी काय करणार.

---

कोरडाटाका

इतका हिशेब कशाला? जुना रेग्युलेटर काढून ७८२४ हा तयार रेग्युलेटर आयसी लावा. तीन पाय, दोन कपॅसिटर, काम संपलं. २४ व्होल्ट स्वच्छ मिळतील, घरघर गायब.

---

शंभरहर्ट्झ

७८२४ इथे चालणार नाही. त्याच्या इनपुटची कमाल मर्यादा ४० व्होल्ट. चालू स्थितीत कलेक्टरच्या जागी ३५ असतात हे खरं, पण लोड अजून जागं झालेलं नसताना पूर्ण ३८ येतात, आणि मेन व्होल्टेज १० टक्के वर गेलं की ते ४२ होतात. त्या दिवशी आयसी आतून शॉर्ट झाला तर ४२ व्होल्ट थेट प्रीअँपला. तिथले कपॅसिटर २५ व्होल्टचे आहेत.

आयसीच लावायची हौस असेल तर एलएम३१७ लावा. त्याला ग्राउंड माहीतच नसतो, तो इनपुट आणि आउटपुटमधला फरक बघतो आणि ४० व्होल्टपर्यंतचा फरक सोसतो. आउटपुट ते अ‍ॅडजस्ट २४० ओहम, अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड ४.३ के, म्हणजे २३.८ च्या आसपास मिळतात. पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा, पत्रा आउटपुटला जोडलेला, हीटसिंक हवाच. शिवाय मूळ सर्किटमध्ये आर-२ आणि सी-२ मुळे व्होल्टेज हळू चढतं, ते जातं. मोजक्या सुट्या पार्टांचा रेग्युलेटर आहे, त्यातले दोन-तीन वाळलेत. तेवढेच बदलायला सोपे.

---

पायउचला

वरचं निदान बरोबर आहे. आता हात घालण्याआधीच्या गोष्टी सांगतो, कारण इथे चुकलं की दुरुस्तीची यादी लांबते.

पहिलं, हेडफोन कानाला लावून तपासणं थांबवा. रिले ओढत नाही याचं कारण आज टायमिंगचं व्होल्टेज कमी आहे हे असेलही, पण तोच रिले आउटपुटला डीसी आला तरी ओढत नाही. हेडफोन रिलेच्या आधी आहे म्हणजे त्याला कसलंच संरक्षण नाही. आधी दोन्ही चॅनलचं आउटपुट रिलेच्या आतल्या बाजूला डीसीवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पॉवर अँप ठीक. आणि रिलेला बायपास करून ‘आवाज येतो का बघू’ हे कुणी सुचवलं तर कानाआड करा. त्याने स्पीकर जातात.

दुसरं, सिरीज बोर्ड. मेनच्या फेजमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजला. एलईडी बल्ब चालत नाही, त्याला थंड-गरम रेझिस्टन्सचा गुण नाही. चालू करताना बल्ब लख्ख होऊन लगेच मंद झाला पाहिजे. लख्खच राहिला तर स्विच बंद करा आणि शॉर्ट शोधा. पार्ट बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना हाच बोर्ड वापरा. मात्र अचूक व्होल्टेज आणि बायस (गाणं नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) मोजताना तो काढा, नाहीतर सगळे आकडे थोडे खाली दिसतील आणि उगाच डोकं खाल.

तिसरं, मोठे कपॅसिटर रिकामे करणं. ३८ व्होल्टला ६८०० मायक्रोमध्ये जवळपास ५ जूल असतात, अशा दोन टाक्या. शॉक लागून मरण्याइतकं व्होल्टेज नाही, पण स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं तर टोकाचा तुकडा उडतो आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडालाही धक्का बसतो. १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन इन्सुलेटेड क्लिप. प्रत्येकाला चार-पाच सेकंद धरा, मग मीटरने एक व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. जिवाला धोका आहे तो मेनच्या बाजूचा: स्विच, फ्यूजहोल्डर, व्होल्टेज सिलेक्टर. पुष्कळ जुन्या अँपमध्ये ही टोकं उघडी असतात. मोजमापाआधी त्यांच्यावर टोपी किंवा स्लीव्ह चढवा.

काळा प्रोब चेसिसच्या स्क्रूला नको, दोन मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या जोडाला क्लिपने लावून ठेवा. एका हाताने मोजा. क्यू-१ चे पाय जवळजवळ असतात; प्रोब घसरून कलेक्टर आणि बेस एक झाले तर क्षणात ३५ व्होल्ट पुढे जातील. तांब्याच्या बाजूने, ट्रॅकवर दूर जाऊन मोजा.

मिलिव्होल्टमधला एसी मोजताना मीटर डीसी अडवतो का हेही बघा. प्रोब उलट केल्यावर आकडा बदलला तर अडवत नाही. मग लाल प्रोबला १ मायक्रो १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर सिरीजला लावा. ज्या मीटरची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्टची आहे तो या कामाला निरुपयोगी.

आता चाचणी. सी-२ चा एक पाय उचला आणि चालू करा. बेस २४ वर गेला तर गुन्हेगार सापडला. पण झेनरचा पाय उचलून चालू करू नका. झेनर नसला की बेसला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, तो कलेक्टरच्या मागोमाग ३३-३४ पर्यंत जातो आणि सी-३ सकट प्रीअँपमधले २५ व्होल्टचे कपॅसिटर उकळतात.

---

तबकडी३३

रिलेच्या आत डाव्या चॅनलला १२ मिलिव्होल्ट, उजव्याला १९. आर-१ एक पाय सोडवून ४८.५ ओहम.

सी-२ चा पाय उचलला. बेस १९.४, एमिटर १८.७, कलेक्टर ३५.५. रिले अजूनही ओढत नाही. २४ का नाही झाले? सी-२ बाहेर काढून मीटरच्या ओहम रेंजवर लावला तर आकडा चढत जाऊन मेगओहमच्या घरात थांबतो, म्हणजे कपॅसिटर चांगला वाटतोय.

---

शंभरहर्ट्झ

मग पहिल्या मोजमापात, एमिटर ११.५ असताना, आर-१ मधून ३७ मिलिअँपिअर, त्यातले २७ लोडला. निम्म्या व्होल्टेजवर निम्मा करंट, लोडमध्ये शॉर्ट नाही हे पक्कं झालं.

कपॅसिटरची ओहम रेंजवरची चाचणी इथे फसवते. मीटर त्याला एखाद-दोन व्होल्ट देतो. जुन्या इलेक्ट्रोलायटिकचा ऑक्साइडचा थर दोन व्होल्टला तग धरतो आणि बारा व्होल्टला, त्यातून गरम असताना, गळायला लागतो. पाय उचलल्यावर बेस सात व्होल्ट वर आला हाच पुरावा आहे, त्यापुढे मीटरचं प्रमाणपत्र चालत नाही. सी-२ कचऱ्यात.

उरलेल्या गळतीचा हिशेब: ३५.५ वजा १९.४ भागिले २.३४ के, ६.९ मिलिअँपिअर. त्यातले अर्धा मिलिअँपिअर बेसला. बाकी सहा-साडेसहा १९ व्होल्टवरच झेनरमधून चाललेत. २४ चा झेनर १९ ला वाहत असेल तर तोही गेलेला. झेनर दर वेळी पूर्ण शॉर्ट किंवा पूर्ण ओपन होऊन मरत नाही. कधी त्याचा गुडघा मऊ पडतो आणि आधीच वाहू लागतो. मीटरच्या डायोड रेंजवर असा झेनर एकदम तंदुरुस्त दिसतो, कारण ती रेंज तीनेक व्होल्टच्या पुढे जात नाही.

बाहेर काढून तपासा. ९ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, ३६ व्होल्ट झाले. २.२ के रेझिस्टरमधून झेनरला द्या, पट्ट्याची बाजू प्लसकडे. चांगल्या झेनरवर २४ च्या आसपास दिसतील, करंट साडेपाच मिलिअँपिअर. पाच टक्क्यांचा झेनर २२.८ ते २५.२ मध्ये कुठेही असला तरी चालेल. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या जवळ धरा, न टेकवता. २४ व्होल्टचा चांगला झेनर गरम झाल्यावर किंचित वर सरकतो. खाली घसरला तर शंकाच नको.

---

पायउचला

आणखी एक जागा बघून घ्या. त्या काळच्या बोर्डांवर मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून बुडाशी पिवळसर गोंद ओतलेला असतो. उष्णतेने तो तपकिरी, पुढे काळा होतो, आणि तोपर्यंत ओलावा धरून थोडा वीजवाहकही होतो, शेजारच्या पायांचा धातूही खातो. झेनर आणि सी-२ दोन्ही बाहेर आहेत तोवर, अँप बंद, सगळे कपॅसिटर रिकामे, क्यू-१ ही काढलेला, अशा वेळी बेसच्या ट्रॅकपासून ग्राउंडपर्यंत मोजा. आर-२ चा एक पायही उचला, नाहीतर त्याच्यातून भलतीच वाट दिसेल. काहीच दिसायला नको. काही दहा के ओहम दिसले तर गोंदाची कमाल. लाकडी काडीने खरवडा; हेअर ड्रायरने थोडा ऊबदार केला तर नीट सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. गोंदात बुडालेल्या जंपर तारा आणि डायोडचे पाय हिरवे किंवा काळे पडलेत का तेही बघा. हलवताच तुटणारा पाय आज तुटलेला बरा.

---

तबकडी३३

झेनर बॅटऱ्यांवर १९.८, आयर्न जवळ नेलं की १८.९ पर्यंत उतरला. सी-१ आणि क्यू-१ च्या मध्ये काळा गोंद होता, खरवडला. नंतर बेस ट्रॅक ते ग्राउंड मीटर काही दाखवत नाही. क्यू-१ काढला तेव्हा त्याच्या एमिटरच्या टाक्याभोवती बारीक गोल चीर दिसली.

आता बदलायचे पार्ट कोणत्या किमतीचे घ्यावेत? मोठ्या किमतीचे लावले तर फिल्टर अजून चांगला होईल ना? आणि क्यू-१ बाहेर आहेच तर बदलू का?

---

शंभरहर्ट्झ

सी-१ च्या बाबतीत हो. ४७० च्या जागी १००० मायक्रो ६३ व्होल्ट चालेल, कारण त्याच्या आधी ४७ ओहम आहेत; चालू करताना भरण्याचा करंट ०.८ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही.

सी-२ ला मात्र १०० च ठेवा. २.२ के आणि १०० मायक्रो मिळून ०.२२ सेकंदाचा उशीर. तिथे १००० टाकलात की सव्वादोन सेकंद, आणि पूर्ण स्थिर व्हायला त्याच्या काहीपट. तोवर रिले ओढून मोकळा होतो आणि प्रीअँपचं सरकणारं व्होल्टेज स्पीकरमधून ‘धप्प’ होऊन बाहेर येतं. शिवाय फायदाही नाही, झेनर स्वतःच रिपल दाबतो. १०० मायक्रो ५० व्होल्ट, १०५ अंशवाला.

सी-३ मूळ २५ व्होल्टचा, त्यावर २३.५ बसतात. ही त्या काळची कंजुषी. २२० मायक्रो ३५ किंवा ५० व्होल्ट लावा.

डी-१ ला २४ व्होल्ट १ वॅट, १एन४७४९ए. प्रत्यक्षात ०.१ वॅटच लागतो, पण जाड पायांचा झेनर कमी तापतो. बोर्डापासून ५ मिलिमीटर वर ठेवून लावा. आर-२ २.२ के अर्धा वॅट मेटल फिल्म. आर-१ ४८.५ म्हणजे ठीक आहे, पण वय झालेला फ्यूजिबल आहे. ४७ ओहम एक वॅट, फ्लेमप्रूफ किंवा फ्यूजिबलच. साधा कार्बनचा लावू नका. पुढे कधी शॉर्ट झाला तर इथे काहीतरी शांतपणे तुटायला हवं, पेटायला नको.

---

पायउचला

क्यू-१ विजेच्या दृष्टीने ठीक आहे, पण त्याची जागा वाईट आहे. नीट चालतानाही त्याच्यावर ११-१२ व्होल्ट पडतात आणि ६० मिलिअँपिअर वाहतात, पाऊण वॅटच्या जरा खाली. हीटसिंकशिवायच्या त्या आकाराच्या ट्रान्झिस्टरला एका वॅटमागे १०० अंश चढतात, म्हणजे खोलीपेक्षा ७० अंश वर. बोट टेकवत नव्हतं ते दोषामुळे नाही, तो नेहमीच तसा तापत आलाय. शेजारचा सी-१ त्याच आचेने वाळला, झेनर त्याच आचेने गेला, एमिटरचा टाका त्याच गरम-थंड होण्याने चिरला. नुसते पार्ट बदलले आणि आच तशीच ठेवली तर पुन्हा हेच.

बाहेर आहेच तर बीडी१३९ लावा, ८० व्होल्ट दीड अँपिअर, पुरून उरतो. मागे -१६ लिहिलेला घेतला तर गेन १०० ते २५०. छपाईची बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. मूळ ट्रान्झिस्टरचा क्रम आधी बोर्डवरून ताडून घ्या: आर-२ ज्या दोन पायांना जोडलाय ते कलेक्टर आणि बेस, उरलेला एमिटर. टिप४१सी सारखा मोठा घेतलात तर क्रम बेस, कलेक्टर, एमिटर असा उलटतो. त्या छिद्रांत तसाच ढकलला की गेलं.

पाठीवर अॅल्युमिनियमचा २५ बाय २५ मिलिमीटरचा पत्रा, मधे थर्मल पेस्टचा पातळ थर, तीन मिलिमीटरचा स्क्रू. पाठीचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणजे पत्र्यावर ३५ व्होल्ट. तो मोकळा उभा असेल तर चालेल. कपॅसिटरच्या डब्याला, जंपरला किंवा चेसिसला टेकत असेल तर अभ्रकाचा तुकडा आणि प्लास्टिकचा वॉशर हवाच. आणि सी-१ जमेल तेवढा त्या पत्र्यापासून लांब वाकवून लावा.

टाके लावताना जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा. त्याच्यावरच नवं चढवलं तर चीर आत तशीच राहते. हे ट्रॅक नाजूक असतात, एका जागी तीन सेकंदांच्या वर आयर्न धरलं की तांबं उचलतं. त्याच बोर्डवरचे, गरम पार्टांचे बाकीचे टाकेही भिंगाखाली बघा. रिलेच्या पायांचे विसरू नका.

---

कोरडाटाका

७८२४ चं मागे घेतो, ४० ची मर्यादा लक्षात नव्हती. एक भर: व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे ते बघा. जुन्या अँपला मागे किंवा आत ११०, १२०, २२०, २४० असे पर्याय असतात. २२० वर ठेवलेला आणि मेन प्रत्यक्षात २४० असेल तर सगळंच ९ टक्क्यांनी वर, ३८ चे साडेएक्केचाळीस. क्यू-१ वरची आचही त्या हिशेबाने वाढते. २४० चा पर्याय असेल तर तिथेच ठेवा. सिलेक्टर फिरवताना प्लग काढलेला असावा, हे सांगायला नकोच.

---

तबकडी३३

सगळं बसवलं. सिलेक्टर २२० वर होता, २४० वर केला. सिरीज बल्बवर आधी चालवलं, बल्ब उजळून मंद झाला. बल्ब काढून: मेन +३६.१ आणि −३६.३, कलेक्टर ३३.१, बेस २४.१, एमिटर २३.४. एमिटरला एसी एक मिलिव्होल्टच्या खाली, मीटरचा शेवटचा आकडा नुसता लुकलुकतो. चार सेकंदांनी रिले ओढला. अर्ध्या तासानंतर एमिटर २३.५. पत्रा गरम आहे पण बोट ठेवता येतं.

आउटपुट डीसी १४ आणि २१ मिलिव्होल्ट. टेप आणि ऑक्स इनपुटवर पूर्ण शांत. फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट) निवडला की बारीक घरघर उरते, व्हॉल्यूम बरोबर वाढते. रेग्युलेटरमध्ये अजून काही?

---

शंभरहर्ट्झ

रेग्युलेटरचं नाही. ऑक्स शांत आहे, आणि तोच २३.४ टोन कंट्रोलला जातो. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरी काढा आणि फोनोच्या दोन्ही सॉकेटमध्ये आतली तार बाहेरच्या कड्याला शॉर्ट केलेले प्लग लावा. घरघर गेली तर ती बाहेरून येतेय: प्लेअरची सुटी अर्थची वायर मागच्या ग्राउंड स्क्रूखाली घट्ट आहे का, आणि प्लेअर अँपच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तर ठेवलेला नाही ना ते बघा. कार्ट्रिजच्या आत तारेची वेटोळीच असतात, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ती सरळ उचलतात. प्लेअर हातभर सरकवून ऐका, लगेच कळेल.

शॉर्ट करूनही राहिली तर फोनो बोर्डावर त्याचा स्वतःचा आणखी एक फिल्टर असतो, बहुधा एक ते साडेचार के चा रेझिस्टर आणि १०० ते २२० मायक्रोचा कपॅसिटर. तो कपॅसिटरही तेवढ्याच वयाचा आहे. दोन्ही टोकांना एसी मोजून आकडे टाका.

---

तबकडी३३

शॉर्ट प्लग लावल्यावर शांत. अर्थची वायर स्क्रूखाली होती, पण तिचं टोक काळं पडलं होतं. घासून पुन्हा आवळली. व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून आता फक्त सुईची खरखर ऐकू येते.

---

पायउचला

आता झाकण लावण्याआधी बायस बघून घ्या. अर्ध्या तासाने, गाणं बंद, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर डीसी मोजा. ०.४७ ओहमवर १६ मिलिव्होल्ट म्हणजे ३४ मिलिअँपिअर. तुमच्या नकाशात जो आकडा दिलाय तोच खरा, हे नुसतं उदाहरण. बायसच्या प्रीसेटला (बोर्डवरच्या फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला) थेट हात लावू नका. जुना प्रीसेट मधेच संपर्क सोडतो आणि त्या क्षणी बायस सुसाट वर जातो. बदलायचा असेल तर अँप बंद करून जुना किती ओहमवर आहे ते मोजा, नवा तेवढ्यावरच ठेवून बसवा, आणि पहिला स्टार्ट पुन्हा सिरीज बल्बवर.